डाव्या सीटचं वजन

आमचे घरमालक नमस्काराच्या आधी माणसाचं वजन सांगत. मी तुमसरला बदलून आलो आणि दोन बॅगा घेऊन त्यांच्या फाटकाशी उभा राहिलो, तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मनातल्या मनात बॅगा वजा केल्या आणि म्हणाले, "पासष्ट. पण डावा खांदा पडून राहिला तुमचा." मग खोली दाखवली.

यात चावटपणा नव्हता. हयातभर राइस मिल चालवलेला माणूस. धानाचं पोतं नुसतं पाहून वजन सांगायचं. मिल बंद पडली, सवय राहिली. लग्नाच्या मांडवात हे गृहस्थ हातात अक्षता घेऊन शेजाऱ्याच्या कानात पुटपुटणार, "नवरदेव हलका आहे बाप्पा. संसार डावीकडे ओढन." माझ्या आधी खोली बघायला आलेल्या एका बँकवाल्याला त्यांनी परत पाठवलं होतं, कारण तो जिना चढताना एकाच पायावर जोर देत होता आणि त्यामुळे म्हणे पायऱ्या एका बाजूनं झिजल्या असत्या. मला खोली मिळाली ती मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवतो म्हणून. मी नाशिककडचा, माझ्या बोलण्याची ते नक्कल करून दाखवत. मला ते 'मास्तर' म्हणत, मी त्यांना 'काका'.

काकांच्या खिशात पेन नसे, ओळंबा असे. गवंडी वापरतात तसला, पितळी, दोरा गुंडाळलेला. कोणाकडे चहाला गेले की कप हातात यायच्या आत तिथल्या चौकटीला ओळंबा लावून बघत आणि यजमानाला सांगत, "तुमचं दार पडून राहिलं." ताटात वरण वाढलं की ते कुठल्या बाजूला धावतं हे आधी पाहायचं, मग ताटाखाली कागदाची घडी सरकवायची, मग पहिला घास. रस्त्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "रस्ता खोटा असते मास्तर," ते म्हणत, "दोरा खोटा नसते." काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आन् माणूस?" त्यावर काका ऐकू न आल्यासारखं करत.

ही सगळी विद्या खर्ची पडे ती एका जुन्या फियाटवर. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, दुधी रंगाची. काकांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं होतं, पुढच्या स्प्रिंगा बदलल्या होत्या, रुंद चाकं घातली होती. हौसेला मोल नसतं. पण नाकात जड इंजिन घातलं की गाडी पुढून बसते, स्प्रिंगा बदलल्या की उठते, आणि दर वेळी चाकांचे कोन बिघडतात. चाकं आत झुकली आहेत की बाहेर, त्यांची तोंडं जवळ आली आहेत की फाकली आहेत, स्टिअरिंगचा कणा मागे किती कलला आहे, एवढं जुळलं तर हात सोडला तरी गाडी सरळ जाते. नाही जुळलं तर ओढते. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते, त्यामुळे गाडी मुळातच डावीकडे जाऊ पाहते. डाव्या सीटवर कोणी बसलं की आणखी. म्हणून तेवढी ओढ उजवीकडे आधीच देऊन ठेवावी लागते. हे मी फळ्यावर एका तासात शिकवतो. काकांना त्याला आयुष्य अपुरं पडलं.

त्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती. मिलच्या मागे धान वाळवायचा सिमेंटचा मोठा ओटा होता. त्याच्या कडेनं ते मातीची पाळ घालत आणि आत पाणी सोडत. "बांधीत पाणी सोडलं का उंचवटा सोताच बोलते," असं त्यांचं म्हणणं. धानाची बांधी, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेलं शेत, जशी पाण्यावर सारखी करतात तसा त्यांनी तो ओटा सारखा केला होता. जिथे सिमेंट डोकं वर काढी तिथे घासायचं, जिथे डबकं राही तिथे थापायचं. मग पाणी सोडून देऊन गाडी वर चढवायची, चारी बाजूंनी दोरे ताणायचे आणि पट्टी घेऊन पोटावर झोपायचं. मी सुरुवातीला हसलो. पण दोऱ्यावर केलेली अलायमेंट वाईट नसते आणि त्यांच्या ओट्यात मला खोट काढता आली नाही.

घोटाळा झाला तो वजनावरून. बारकाईनं काम करणारे लोक सीटवर चालकाच्या वजनाएवढं ओझं ठेवून अलायमेंट करतात. काकांनी गाडी दोघांची लावली. "मी एकटा कवा जातो?" हा त्यांचा सवाल. खरंच कधी जात नसत. रोज संध्याकाळी दोघं बपेऱ्याच्या रस्त्यानं फिरून येत, काकू डावीकडे, काचेतून येणारा वारा पदरानं अडवत. तेव्हा मोजमाप करतानाही काकूंनी तिथे बसायला हवं. त्या बिचाऱ्या मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या, आणि काका खालून त्यांना सूप कोणत्या गुडघ्यावर ठेवायचं ते सांगायचे. एकदा पूर्ण दुपार गेली तशा काकू दार उघडून उतरल्या.

"अजी, मी काय पोतं आहो का?"

काकांना कल्पना फार आवडली. त्यांनी काकूंना मिलच्या काट्यावर उभं केलं, आणि काकू उतरल्यावर त्याच वजनाचं धान पोत्यात भरून तोंड शिवून टाकलं.

काकूंचा चेहरा मला आठवतो. मघाचं हसू गेलं होतं. "हे त तुळा झाली," त्या म्हणाल्या. माणसाला धान्यानं जोखलं की ते धान्य तुळेचं; ते घरात ठेवत नाहीत, दान करून मोकळं व्हायचं असतं, हे त्यांना त्यांच्या माहेरी, करडीला, लहानपणापासून माहीत होतं. "जोखलं थे जोखलं. आता कोणाले तरी देऊन टाका."

"अवं, हे औजार आहे," काका म्हणाले. "पान्ह्यासारखं. पान्हा कोणी दान करते का?"

"तुळेचं धान घरात राह्यलं त माणूस मोकळं होत नाई."

"मंग चांगलंच आहे न," काका म्हणाले. "कुठं जाचं आहे तुले?"

मी हे वाक्य ऐकून हसलो होतो. ते पोतं मी पहिल्यांदा पुढच्या सीटवर पाहिलं तेव्हा मात्र हसू आलं नाही. तिन्हीसांज होती. पोतं सीटवर टेकून बसवलेलं, पट्टा लावलेला, ताग टोचून रेक्झिन फाटू नये म्हणून खाली काकूंची जुनी शाल. मला क्षणभर काकूच वाटल्या, आणि मग मान नाही हे दिसलं. काका दोरे गुंडाळून आले, त्यांनी डावं दार उघडलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "चल, उतर आता." मग पोतं उचललं.

भंडाऱ्याची गोष्ट मी पोरांना अजून सांगतो. एकदा मी हट्टानं काकांना भंडाऱ्याच्या लेसरवाल्या दुकानात नेलं. थंडगार काचेची खोली, चाकांना लावलेले आरसे, पडद्यावर लाल-हिरव्या रेघा. दुकानदार पोरगा हुशार होता, त्यानं अर्ध्या तासात सगळ्या रेघा हिरव्या केल्या. परत येताना काकू पुढे, मी मागे. गाव सुटलं तशी गाडी डावीकडे जाऊ लागली. काकांनी गाडी तशीच वळवून पुन्हा दुकानात नेली, काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि म्हणाले, "बाबू, तुह्या मशीननं सारं बरोबर मोजलं. फक्त माही बायको नाई मोजली." पोरगं गांगरलं. काकू गाडीत बसून पदर तोंडात धरून हसत होत्या. तिथून घरी आलो आणि काकांनी सगळं पुन्हा दोऱ्यावर लावलं. मग चार वर्षं त्या गाडीला कोणी हात लावला नाही. ती पाण्यासारखी सरळ जायची.

ती उजवीकडे ओढते असं काका पहिल्यांदा म्हणाले ते गणपतीच्या आसपास. मी हवा बघितली, बेअरिंग बघितलं, बुशा बघितल्या. काकांनी दोरे लावले. सगळं जिथल्या तिथे. मी त्यांच्याबरोबर एक चक्कर मारली, काकू पुढे बसलेल्या, मी मागे. आणि खरंच, स्टिअरिंग सैल सोडलं की गाडी हळूच मधल्या रेघेकडे सरकत होती. डावी बाजू हलकी झाली तर होतं तसं.

"पोतं लावून पाहू," काका म्हणाले. पोतं बसवून गेलो. तितकीच उजवीकडे.

त्यांनी पोतं काट्यावर टाकलं. बरंच घटलं होतं. धान ठेवलं की सुकतं आणि सुकलं की घटतं, मिलवाल्याला हे कोणी सांगायला नको. पण सुकतीची घट पहिल्या उन्हाळ्यात होते, आणि ते पोतं इतकी वर्षं तिथेच होतं. मी उंदराचं भोक शोधलं. शिवण पाहिली. जमिनीवर एक दाणा नव्हता. काका काट्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी आवाज दिला, "अवं, जरा इकडं ये न." काकू हात पुसत आल्या, कुरकुरत काट्यावर चढल्या. काटा तिथेच थांबला जिथे पोत्यानं थांबवला होता.

"बरं झालं, बारीक झाली मी," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी काकूंना नागपूरला नेलं, आणि आठवड्याभरात डॉक्टरांनी जे सांगितलं ते काकांना काट्यानं आधीच सांगितलं होतं.

त्यानंतरचे महिने मला सांगायला आवडत नाहीत. नागपूरच्या चकरा, औषधं, काकूंच्या सैल होत गेलेल्या बांगड्या. त्या घरात मी जिन्यावरूनसुद्धा हळू चालायचो. आणि एका सकाळी मी मिलच्या बाजूनं जाताना काकांना पाहिलं. त्यांनी पोत्याचं तोंड उसवलं होतं आणि ते ओंजळीनं आत नवं धान घालत होते. ओंजळ घालायची, काटा बघायचा, पुन्हा ओंजळ. जुन्या वजनावर काटा आला तेव्हा त्यांनी तोंड शिवलं आणि पोत्यावरून हात फिरवला. मी निघून जायला हवं होतं, पण बघतच राहिलो.

त्या दिवशी काकूंनी दोन घास जास्त खाल्ले. योगायोग असेल. काका मात्र दिवसभर घरात शीळ घालत फिरले, आणि मला त्या शिळेची भीती वाटली. काही दिवसांनी पोतं पुन्हा घटलं. काकांनी पुन्हा भरलं. मी आयटीआयला निघताना मिलच्या दारातून काट्याचा आवाज ऐकू यायचा. हे असं चालू राहिलं. जो माणूस देवळात जाऊन गाभाऱ्याच्या चौकटीला ओळंबा लावायचा, तो हे करत होता.

काकूंना सगळं ठाऊक होतं. एकदा मी त्यांना बघायला गेलो, काका पायाशी बसले होते. काकूंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"अजी, किती भरसान?"

काका त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिले.

"थे घटणारच. करडीच्या तलावावर नेऊन पाखरांले टाका आन् मले मोकळं करा. माहं ऐका न एकदा."

"बरी झाली का टाकू," काका म्हणाले. "दोघं जाऊन टाकू."

काकू माझ्याकडे बघून हसल्या. या माणसाला आता तुम्ही तरी समजवा, असं ते हसणं होतं. धान कापणीला आलं त्या दिवसांत काकू गेल्या. पोतं तसंच राहिलं.

तेरवी झाल्यावर त्यांची मुलगी नागपूरला परत निघाली, तेव्हा ती वर माझ्या खोलीत आली. तिनं डोळे पुसले आणि सरळ मुद्द्यावर आली. "बाबा अजून रोज संध्याकाळी गाडी काढून राहिले. एकटे. गाडी दोघांची लावली आहे, तुमाले माहीत आहे. डावी सीट रिकामी, मंग उजवीकडे ओढन न? बपेऱ्याच्या रस्त्यानं ट्रक किती असते. मी विचारलं त म्हणतात, ओढत नाई. सर, ओढत नाई कशी? तेवढी एकट्याची लावून द्या तुमी. आई गेली, आता हे..."

तिचं गणित बरोबर होतं. रविवारी दुपारी मी काकांकडे किल्ली मागितली. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि दिली. "डाव्या बाजूनं काही ठेवू नका," एवढंच म्हणाले.

लख्ख ऊन होतं. दोन्हीकडे कापलेल्या बांध्या, धसकटं, मधूनच एखादं उभं धान. रस्ता नवा, सिमेंटचा, समोर कोणी नाही. मी गाडी चाळीसवर आणली आणि हात स्टिअरिंगपासून बोटभर दूर धरले. गाडी उजवीकडे जाणार म्हणून मी तयारच होतो.

ती गेली नाही. सरळ चालली. मी वळवून परत आणली, पुन्हा तेच. काकू आजारी पडायच्या आधी जायची तशी, रेघ आखल्यासारखी.

मी स्वतःला समजावलं की टायर असतील, काहीतरी बसलं असेल. मग मला वर्गात करतो तसा एक प्रयोग सुचला. माझी पान्ह्यांची जड बॅग मागे होती. ती उचलून मी डाव्या सीटवर ठेवली. गाडी डावीकडे गेली. म्हणजे गाडीला वजन कळत होतं. सीट खरंच रिकामी असती तर बॅग ठेवल्यावर ती जेमतेम सरळ व्हायला हवी होती. ती डावीकडे जात होती, म्हणजे बॅग जास्तीची होती. मी बॅग उचलून मागे ठेवली, आणि ठेवताना माझ्या तोंडून 'सॉरी' निघालं.

तेवढ्यात गतिरोधक आला. गाडी उसळून खाली बसली आणि शेजारच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली. रिकामी सीट अशी वाजत नाही. मी तिकडे पाहिलं नाही. घरी येईपर्यंत पाहिलं नाही. मोटार मेकॅनिकचा निदेशक म्हणून मला याची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

काका फाटकातच उभे होते.

"सरळ गेली?"

"सरळ गेली."

ते जिंकल्यासारखे दिसतील असं मला वाटलं होतं. ते पायरीवर बसले. "बिमारीच्या आधीचं वजन आहे मास्तर," ते म्हणाले. "भरली ती परत. पहिल्या दिवशी मले एवढा आनंद झाला, का सांगू. वाटलं, मी एकटा जातो म्हणून आली असन. संगत द्याले."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"मंग घरी आल्यावर दार उघडून देतो मी. म्हणतो, उतर, घर आलं. अन् उभा राहतो. ती उतरत नाई. दुसऱ्या दिवशी गाडी काढली का आहेच." त्यांनी गाडी ठेवायच्या शेडकडे पाहिलं. तिथे भर दुपारी बल्ब जळत होता. गेले कित्येक दिवस तो विझलेला मी पाहिला नव्हता. "तिले अंधाराचं भेव वाटे. मुतारीले जाले मले उठवे. अन् मी तिले शेडमधी बसवून ठेवलं. ती हौसेनं नाई बसली मास्तर. तिले उतरताच येऊन नाई राहिलं."

"काका," मी म्हणालो, "करडीला जाऊ."

त्यांनी खिशातला ओळंबा काढून त्याचा दोरा बोटाभोवती गुंडाळला. मग म्हणाले, "टाकलं का संपलं न मंग." याच एका गोष्टीसाठी तो माणूस अडून बसला होता. पोतं होतं तोवर बायको शेजारी होती. कशीही असो, होती. मोकळं केलं की उरलेले सगळे रस्ते एकट्याचे. त्यांना अंधश्रद्धाळू म्हणायचं की आणखी काही, हे मी कधी ठरवलं नाही. मला फक्त त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. काकांनी पोतं स्वतः उचललं, पुढच्या सीटवर बसवलं, खाली शाल घातली, पट्टा लावला. मला म्हणाले, "तुमी मागं बसा. मधोमध. इकडं-तिकडं सरकू नका." मी मधोमध बसलो, दोन्ही गुडघे जुळवून. माझ्या एका बॅगेनं डावीकडे गेलेली ती गाडी, अख्खं पोतं ठेवूनही करडीपर्यंत सरळ गेली. मी त्याचा हिशोब केला आणि मग करायचं थांबवलं. ती दोन वजनं नव्हती.

तलावाच्या पाळीवर गाडी उभी केली. पाण्यात बदकं होती, थोडी दूर. काकांनी शिवणीचा दोरा ओढला, पोतं मांडीवर आडवं घेतलं आणि धान उतारावर सोडलं. सगळं एकदम नाही. थोडं सोडायचे, थांबायचे. तळाचं जुनं धान काळपट झालं होतं, वरचं पिवळंधमक. दोन्ही मिसळून पसरलं. पोतं रिकामं झालं तेव्हा काकांनी ते झटकलं, घडी केली आणि काय करावं ते न सुचून हातातच धरून ठेवलं. आम्ही उभे होतो तोवर एकही पाखरू खाली आलं नाही. आम्ही गाडीत बसून दारं लावली, आणि मागच्या काचेतून मला दिसलं, सगळी पाळ पंखांनी भरून गेली होती.

परत निघताना मी पुन्हा मधोमध. गाव मागे पडल्यावर सरळ रस्ता लागला. काकांनी पाय स्थिर धरला आणि हात सैल केले. दोघंही समोर बघत होतो. गाडी जराशी चालली आणि मग अगदी हळू मधल्या रेघेकडे सरकायला लागली. काकांनी ती सरळ केली, पुन्हा हात सैल केले. पुन्हा उजवीकडे.

"ओढून राहिली," ते म्हणाले.

"हो."

"उजवीकडं."

"हो काका."

"गेली," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. तुमसर येईपर्यंत मी मागे गुडघे जुळवून तसाच बसलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी मला हाक मारली. ओट्यावर गाडी चढवून ठेवली होती. "एकट्याची लावून द्या मास्तर," ते म्हणाले, "आज मले नाई जमणार." अलायमेंट मी करायची म्हणजे त्यांनी चालकाच्या जागी बसायचं. ते बसले. शेजारची सीट मोकळी होती, शालही काढलेली. मी चारी बाजूंनी दोरे ताणले, उजव्या चाकाशी पोटावर झोपलो आणि रिमपासून दोऱ्यापर्यंत पट्टी धरली. माप येईना. पट्टीवरचा आकडा पुढे-मागे होत होता. दोरा कुठे सैल आहे म्हणून मी पाहिलं, तो तारेसारखा ताठ होता. हलत होती ती गाडी, आपल्या स्प्रिंगांवर, अगदी थोडी थोडी.

मी डोकं वर करून पाहिलं. काकांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. आवाज मुळीच नव्हता. काकू गेल्या तेव्हा, तेरवीला, कालही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी पट्टी खाली ठेवली आणि तिथेच, त्या सारख्या केलेल्या सिमेंटवर, पडून राहिलो. गाडी थांबेपर्यंत मोजता येण्यासारखं काही नव्हतं.